जनसंपर्क कार्यात संशोधनाचे स्थान : आदिलाबाद जिल्ह्याचा अनुभव

शासनाच्या कोणत्याही प्रसिद्धी कार्यालयाचा वार्षिक अहवाल उघडून पाहिला, तर किती पत्रके छापली, किती भित्तिपत्रके लावली, किती गावी चित्रपट दाखविले व किती सभा घेतल्या याचे आकडे त्यात व्यवस्थित मांडलेले आढळतात. त्या पत्रकांपैकी किती वाचली गेली, वाचणाऱ्याला त्यांतून काय उमगले आणि उमगल्यानंतर त्याने काय केले, या प्रश्नांची उत्तरे मात्र त्या अहवालात सहसा सापडत नाहीत. पत्रक मोजणे सोपे असते, समज मोजणे कठीण असते. जनसंपर्क कार्यातील संशोधनाचा विषय हाच दुसऱ्या प्रकारचा हिशेब होय. लोकांना काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, ते कोणाचे ऐकतात, कोणत्या भाषेत ऐकतात आणि शासनाविषयी त्यांच्या मनात काय साचलेले आहे, याचा संदेश देण्यापूर्वी शोध घेणे व संदेश दिल्यानंतर त्याचा परिणाम पडताळून पाहणे, असे त्याचे थोडक्यात स्वरूप सांगता येईल.

संशोधन म्हटले की विद्यापीठ, मोठा निधी आणि जाड अहवाल डोळ्यांसमोर येतात, व हा आपला प्रांत नव्हे असे तालुक्याच्या ठिकाणचा कर्मचारी मनाशी ठरवून टाकतो. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. दक्षिणेस गोदावरी, वायव्येस पैनगंगा आणि पूर्वेस वर्धा-प्राणहिता यांच्या बेचक्यात वसलेल्या आदिलाबादच्या डोंगराळ मुलखात या विषयाचा एक संपूर्ण धडा घडून गेलेला आहे. २०१६ साली या जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, कुमरम भीम आसिफाबाद, मंचेरियाल व निर्मल असे चार जिल्हे झाले. १९५६ पूर्वी आज महाराष्ट्रात असलेले किनवट व राजुरा हे तालुकेही त्यातच मोडत असत. या लेखात आदिलाबाद हे नाव त्या जुन्या, अविभक्त जिल्ह्यासाठी योजिले आहे.

जोडेघाटनंतरचा प्रश्न

निजामी राजवटीत या भागातील वने राखीव करण्याचे काम सुरू झाले, तेव्हा सीमा आखताना अनेक गोंड व कोलाम वस्त्या उठविल्या गेल्या. त्याच सुमारास बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांना मोकळ्या दिसणाऱ्या जमिनींचे पट्टे मिळू लागले. या जमिनी खरोखर मोकळ्या नव्हत्या. काही वर्षे कसून काही वर्षे पडीक ठेवण्याची गोंडांची जुनी रीत होती, आणि पडीक ठेवलेले शेत कागदावर बेवारस दिसत असे. जमीन आपली आहे हे गावाला माहीत असणे गोंड शेतकऱ्याला पुरेसे वाटे. त्यासाठी कचेरीत अर्ज करावा लागतो, ही कल्पनाच त्याच्या जगात नव्हती. जाहीरनामे निघत नव्हते असे नाही. परंतु संस्थानची राज्यभाषा उर्दू होती, गोंडांची बोली गोंडी होती, आणि दोहोंमध्ये उभ्या असलेल्या मधल्या माणसांना जाहीरनाम्याचा खरा अर्थ सांगण्यात फारसा रस असण्याचे कारण नव्हते.

या असंतोषातून आसिफाबाद भागात कोमराम भीम यांचे नेतृत्व उभे राहिले आणि १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात त्यांचा व त्यांच्या साथीदारांचा अंत झाला. बंड मोडले, पण ते मुळात का झाले याचे समाधानकारक उत्तर हैदराबादच्या सचिवालयात कोणापाशीही नव्हते. या प्रदेशावर आपण राज्य करतो, परंतु येथील लोकांविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, ही जाणीव त्या वेळच्या काही अधिकाऱ्यांना झाली. महसूल खात्याची सूत्रे सांभाळणारे डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन हे त्यांपैकी प्रमुख होत. बस्तरच्या माडिया गोंडांवर १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध केलेला हा अधिकारी असल्यामुळे अभ्यासाचे मोल त्यांना निराळे सांगावे लागले नाही.

अभ्यासाचे काम क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. जन्माने ऑस्ट्रियन असलेले हायमेनडॉर्फ महायुद्धामुळे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले होते, आणि हैदराबाद संस्थानाबाहेर त्यांना मुक्तपणे वावरता येत नव्हते. हा निर्बंध आदिलाबादच्या पथ्यावर पडला असे म्हणावयास हरकत नाही. त्यांनी व त्यांच्या पत्नी बेट्टी यांनी मार्लवाई या गोंड खेड्यात गोंडांसारखेच घर बांधून मुक्काम ठोकला. ते गोंडी शिकले. कुळे, देवकार्ये, लग्नसंबंध व जमिनींची हकीकत त्यांनी नोंदवून घेतली. पाहुणा म्हणून आलेल्या अधिकाऱ्याला जे सांगितले जात नाही, ते शेजाऱ्याला सांगितले जाते. संशोधनाच्या या पद्धतीला पुस्तकात मोठे नाव आहे, पण तिचे मर्म इतकेच आहे.

अभ्यासातून काय हाती आले

या अभ्यासाचे फळ दोन प्रकारचे होते. एक ग्रंथरूपाने राहिले. हैदराबादमधील आदिवासींविषयीचे त्यांचे अहवाल १९४५ साली व आदिलाबादच्या राजगोंडांची दैवतकथा आणि विधी यांवरील ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. दुसरे फळ प्रशासनात उतरले, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे. गोंड अर्ज करीत नाहीत याचा अर्थ त्यांना जमीन नको असा होत नाही, हे एकदा नोंदले गेल्यावर अर्जाची वाट न पाहता गावोगाव जाऊन पट्टे देण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला व हजारो कुटुंबांच्या नावे जमिनी झाल्या. १३५६ फसलीमध्ये, म्हणजे १९४६-४७ च्या सुमारास, आदिवासी क्षेत्रासाठी स्वतंत्र विनियमही झाला.

भाषेचा प्रश्न विशेष बोधप्रद आहे. १९४३ साली मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, तेव्हा पहिली पाठ्यपुस्तके कोणत्या भाषेत व कोणत्या लिपीत काढावीत हे ठरवावयाचे होते. हैदराबादला बसून निर्णय घेतला असता तर उर्दू हे उत्तर आपोआप आले असते. भाषाशास्त्राचा ग्रंथ समोर ठेवला असता तर गोंडी ही द्राविडी भाषा असल्याने तेलुगू लिपी सुचली असती. प्रत्यक्ष पाहणीत निराळेच चित्र दिसले. आदिलाबादच्या डोंगरात गोंड माणूस बाहेरच्याशी बोलताना बहुतांशी मराठीचा आश्रय घेत होता. जे थोडेफार तरुण अक्षर ओळखत होते, ते मराठीच्या द्वारे. गोंडांची वंशपरंपरागत गाथा गाणारे परधान तर घरी मराठीच बोलत. त्यामुळे भाषा गोंडी आणि लिपी देवनागरी, अशी पुस्तके तयार झाली आणि त्यांत गोंडांच्याच कथा घालण्यात आल्या. शाळेत प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या मुलाला आपल्या आजोबांची गोष्ट छापलेली दिसणे, ही शासनाविषयी विश्वास निर्माण करणारी याहून प्रभावी प्रसिद्धी क्वचितच झाली असेल.

या कार्याला मराठी माणसाचा हातभारही मोठा लागला. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या नागरी सेवेत असताना आदिलाबादला आले, गोंडी शिकले आणि तिचे व्याकरण लिहिण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. आदिलाबादच्या गोंडांवरील त्यांचे पुस्तक १९४९ साली आणि गोंडीचे व्याकरण १९५४ साली प्रसिद्ध झाले. पुढे महाराष्ट्रात गॅझेटियरचे संपादक व शिवकालाचे इतिहासकार म्हणून त्यांना मान्यता लाभली. त्यामुळे डोंगरातील हे काम काहीसे मागे पडले. वास्तविक, प्रजेची भाषा शिकून तिच्याशी थेट बोलणारा महसुली अधिकारी हा जनसंपर्काचा नमुना म्हणून प्रशिक्षण वर्गांत आवर्जून सांगावयास हवा.

केसलापूरचा दरबार

इंद्रवेल्लीजवळील केसलापूर येथे पुष्य अमावास्येस, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, मेसराम कुळाच्या नागोबाची जत्रा भरते. मेसराम मंडळी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. त्या पाण्याने देवाची पूजा होते आणि कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवापुढे ओळख करून देण्याचा ‘भेटिंग’ हा विधी पार पडतो. तेलंगणाबरोबरच महाराष्ट्र व छत्तीसगडमधूनही लोक येतात.

हायमेनडॉर्फ यांच्या अभ्यासातून एक साधी गोष्ट स्पष्ट झाली होती. दूरदूरच्या गुड्यांतील गोंड कचेरीत येत नसले तरी या जत्रेला येतातच. मग कचेरीनेच जत्रेत का जाऊ नये? चाळिसाच्या दशकात जत्रेतच अधिकाऱ्यांचा दरबार भरविण्याची प्रथा सुरू झाली. गाऱ्हाणी तेथेच मांडली जाऊ लागली आणि अधिकारी ती लोकांसमक्ष ऐकू लागले. संस्थान गेले, आंध्र प्रदेश आला, २०१४ साली तेलंगणा झाला, तरी दरबाराची ही प्रथा जत्रेशी जोडलेली राहिली. नागोबाचे दगडी मंदिर नव्याने उभारून डिसेंबर २०२२ मध्ये तेथे प्रतिष्ठापना झाली. नव्या मंदिराइतकीच या दरबाराचीही निगा राखणे इष्ट आहे. दरबारात फुलांचे हार वाढले आणि गाऱ्हाण्यांची नोंदवही पातळ झाली, तर राहील ती केवळ शोभा. गतवर्षीच्या किती अर्जांचा निकाल लागला हे जत्रेतच वाचून दाखविले, तर त्यासारखे मूल्यमापन दुसरे नाही.

गाव, रेडिओ आणि चर्चा

संदेश दिल्यानंतर त्याचा परिणाम कसा मोजावा, याचे उदाहरण पुण्याकडे सापडते. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. पश्चिम महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोन वेळा, असे दहा आठवडे वीस कार्यक्रम प्रसारित झाले. मंडळींनी एकत्र बसून ऐकावे, चर्चा करावी, शक्य असेल ते करून पाहावे आणि आपल्या शंका केंद्राला कळवाव्यात, अशी योजना होती.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी याचे मूल्यमापन केले. त्यांनी केवळ मंडळांच्या गावांतच चौकशी केली नाही. मंडळ नसलेली, परंतु रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे यांचीही त्यांनी तुलनेसाठी निवड केली, आणि कार्यक्रमांपूर्वी व नंतर असे दोन्ही वेळा गावकऱ्यांना प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत माहितीत ठळक वाढ दिसली, अक्षरशत्रू सदस्यांतही दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तशी वाढ आढळली नाही. पेटी बोलत होती, परंतु ज्ञान वाढविले ते तिच्यानंतर झालेल्या चर्चेने. तुलनेची गावे निवडली नसती तर सारे श्रेय पेटीलाच गेले असते आणि आणखी पेट्या विकत घेण्यात आल्या असत्या. पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरदर्शनचा प्रयोग झाला. त्या सहांत आंध्र प्रदेशही होता. प्रसारणापूर्वी, चालू असताना व संपल्यावर प्रेक्षकांचा अभ्यास करण्याची व्यवस्था त्यात प्रारंभापासूनच ठेवलेली होती.

इंद्रवेल्ली, १९८१

एकदा झालेला अभ्यास कायमचा पुरत नाही, हेही आदिलाबादनेच दाखविले. १९५६ नंतर शिक्षणाचे माध्यम बदलले, गोंडी पुस्तके मागे पडली आणि गोंडी न जाणणारे शिक्षक शाळांत आले. रस्ते झाले, कापसाला भाव आला आणि बाहेरून येणाऱ्यांचा ओघ वाढला. अनुसूचित क्षेत्रातील जमिनींच्या हस्तांतरावर निर्बंध घालणारा १९५९ चा विनियम १९७० साली अधिक कडक करण्यात आला. तरीही जमिनी हातच्या जातच राहिल्या. हायमेनडॉर्फ सत्तरीच्या दशकात पुन्हा आले, आपल्याच जुन्या नोंदी हाती घेऊन त्याच गावांत फिरले आणि किती बदलले ते त्यांनी लिहिले. हे ग्रंथ १९७९ व १९८२ साली प्रसिद्ध झाले. पूर्वीच्या नोंदी असल्यामुळेच ही घसरण दाखविता आली. अन्यथा ती केवळ तक्रार ठरली असती.

या दोन ग्रंथांच्या मध्ये २० एप्रिल १९८१ हा दिवस येतो. त्या सोमवारी इंद्रवेल्लीचा आठवडी बाजार होता, आणि त्याच दिवशी जमिनीच्या प्रश्नावर आदिवासींची सभा ठरली होती. सभेस मनाई करण्यात आली. मात्र दूरच्या गुड्यांतून निघालेल्या अनेकांना त्या मनाईची वार्ताच नव्हती, असे नंतरच्या वृत्तांतांत सांगितलेले आढळते. गोळीबार झाला. शासकीय आकड्यानुसार १३ जण मृत्यू पावले, आणि इतरांनी दिलेले आकडे याहून बरेच मोठे आहेत. इंद्रवेल्लीस त्यांचा स्तूप उभा आहे.

या घटनेचे मूळ जमिनीच्या प्रश्नात होते. तिला केवळ दळणवळणातील त्रुटी म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही जनसंपर्काचे काम करणाऱ्याने स्वतःला काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. कोणत्या वाराला कोणत्या गावचा बाजार असतो, त्या दिवशी माणूस घरून किती वाजता निघतो, मनाईचा हुकूम कोणत्या भाषेत व कोणाच्या तोंडून पोहोचू शकतो, हे सारे आधी माहीत असणे अवघड होते काय? चाळीस वर्षांपूर्वी त्याच डोंगरात ही माहिती शासनाच्याच आश्रयाने गोळा झालेली होती.

आजचे काम

आज या भागात कामास येणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, लंबाडी व उर्दू असा भाषांचा गोफ असतो. बेला, जैनद, भैंसा, मुधोळ या बाजूस मराठीचे चलन आहे. आंध, परधान हे समाजही मराठी बोलतात. केरामेरीच्या डोंगरावर परांदोली, अंतापूर यांसारख्या गावांवर दोन राज्यांचा दावा राहिला, त्यामुळे तेथील रहिवाशाला दोन शासनांची, दोन भाषांतील पत्रके मिळत आली. नारनूर मंडळातील गुंजाळा येथे गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील जुन्या हस्तलिखितांचा शोध लागला, आणि २०१८ साली त्या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. कोणत्या गावात कोणती लिपी वाचली जाते हे अंदाजाने ठरविण्याचे दिवस म्हणूनच संपले आहेत. शाळेतील शिक्षकाने पालकसभेत अर्धा तास चौकशी केली तरी हा तपशील मिळतो. गावचा पटेल, देवारी, परधान, रायसेंटरचा सारमेडी यांपैकी कोणाचा शब्द कोणत्या बाबतीत चालतो, याचे उत्तरही विचारल्यास मिळते. आरोग्याच्या प्रश्नात जो मानला जातो, तोच जमिनीच्या प्रश्नात मानला जाईल असे मात्र नाही. दिवाळीच्या सुमारास दंडारीची पथके गुसाडींसह गावोगाव जातात. त्या दिवसांत ग्रामसभा बोलावून ती रिकामी राहिली, तर दोष गावाकडे देता येणार नाही.

भित्तिपत्रक छापण्यापूर्वी त्याचा कच्चा नमुना बाजारात दहा-बारा जणांना दाखवावा. यात काय दिसते एवढेच विचारावे, समजले का असे विचारू नये. समजले का, या प्रश्नाला खेड्यातील माणूस भिडेपोटी होय असेच म्हणतो. उत्तर त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे. आपल्या चित्रातील मोठा डास पाहून, एवढे डास आमच्याकडे नसतात, असे कोणी म्हणाल्यास त्याला हसण्याऐवजी चित्र बदलावे.

वनहक्कांचा विषय तर या पद्धतीने हाताळणे अत्यावश्यक आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाखालील नियमांत, नियम १३ अन्वये, दाव्याच्या पुष्ट्यर्थ अनेक प्रकारचे पुरावे ग्राह्य धरलेले आहेत. सरकारी कागदपत्रांखेरीज घरे, बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या प्रत्यक्ष खुणा चालतात. दावेदाराव्यतिरिक्त गावातील वृद्धांचे लेखी नोंदविलेले निवेदन चालते, आणि मान्यवर संस्थांनी केलेले रूढी-परंपरांचे संशोधनही पुराव्यात मोडते. असे एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावयाचे असतात. कागद नाही म्हणजे दावा नाही, अशी समजूत एखाद्या गावात आहे काय, हे पत्रक काढण्यापूर्वी पाहावे. तशी समजूत असेल तर पत्रकाची पहिली ओळ वृद्धांच्या निवेदनाविषयी असावी, कलमाच्या क्रमांकाविषयी नव्हे. शिवाय ते निवेदन गोंडीत अथवा कोलामीत ऐकून नीट उतरवून घेणारा लेखनिक त्या वस्तीत कोण आहे, याची यादी पंचायतीत तयार असावी. ऐंशी वर्षांचा वृद्ध पुढील उन्हाळ्यापर्यंत थांबेलच असे नाही.